आईच्या तक्त्यातले आकडे

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. तुम्हाला का सांगतोय, तेही मला नीट कळत नाही.

मी महाळुंग्यात एका कंपनीत क्वालिटीला आहे. दिवसभर पार्ट मोजायचे, रीडिंग लिहायचं, चुकीचा पार्ट बाजूला काढायचा. माझ्या सहीवर माल पुढे जातो. बारा वर्षांत माझं एकही रीडिंग खोटं निघालेलं नाही — म्हणजे कंपनीतलं.

आईची लघवी सुटायची. एवढं सरळ लिहायलाही मला वर्षं लागली; घरात आम्ही ‘तिचा त्रास’ म्हणायचो. गोळ्या झाल्या, व्यायाम झाले. तेव्हा आम्ही काळेवाडीत राहायचो, बुद्धविहार चार गल्ल्यांवर, पण पौर्णिमेच्या वंदनेलाही ती जाईना. मग डॉक्टरांनी लघवीवर ताबा ठेवणाऱ्या नसेला हलका करंट द्यायचा उपाय सांगितला. आधी आठवडाभर चाचणी — कमरेत बारीक वायर, बाहेर पट्ट्याला लहानसा डबा. त्रास निम्म्यावर आला तर कायमचं मशीन आत बसवायचं. नाही आला तर वायर काढून टाकायची. दिवसातून किती वेळा सुटते, त्याचा तक्ता घरच्यांनी भरायचा.

आईला लिहिता येत नाही. आणि मुलाला तोंडाने सांगणार तरी कशी? वाट तिनेच काढली. साडी ओली झाली की वाटीत एक चिंचोका टाकायची. धुणं स्वतःच लपवून धुवायची. मी शिफ्टवरून आलो की चिंचोके मोजून लिहायचो. वायरच्या आधी नऊ, दहा. वायर बसल्यावर वाटीत चार. मग तीन. मग दोन. पाचव्या दिवशी ती विहारात पूर्ण वंदनेला बसून आली, येताना मेथीची जुडी घेऊन आली. किती खूश होती — मी पाहिलं ना ते.

आणि तक्त्यात मी सात लिहिले. मग आठ. मग पुन्हा सात. रोज एकच आकडा दिसला की संशय येतो, हे मला कामातूनच ठाऊक.

मशीनची किंमत मी ऐकली होती. कंपनीच्या विम्यात ते बसत नव्हतं. पण पैसे नव्हते असं समजू नका — होते. मोशीत फ्लॅट बुक करायला ठेवले होते. आईला सरळ ‘नाही जमणार’ म्हटलं असतं, तर तिने चकार शब्द काढला नसता. मग खोटं का लिहिलं? मला फ्लॅटही हवा होता आणि चांगला मुलगा म्हणूनही राहायचं होतं. नाही म्हणायची हिंमत नव्हती, म्हणून ते डॉक्टरांकडून म्हणवून घेतलं.

तक्ता बघून डॉक्टरांनी आईलाच विचारलं, तुम्हाला स्वतःला फरक वाटला का?  ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “मला वाटलं व्हतं, कमी झालं म्हणून. पर ह्यानं लिहिलंय तेच खरं. कंपनीत त्याचं तेच काम हाय.”

वायर काढली.

आता आम्ही मोशीत राहतो. आई खाली उतरत नाही. कुणी भेटायला आलं की सांगते — पोरानं काई कमी केलं न्हाई, माझंच अंग साथ देत न्हाई. मी तिथेच बसलेला असतो. आजवर एकदाही मी तिला थांबवलेलं नाही.