तासभर हलायचं नाही

माझ्या रागाला घरातले सगळे भ्यायचे. तळपायाची आग मस्तकात जायला मला निमित्तही लागत नसे. दहा दिवसांच्या शिबिराला जाऊन आलो, नाकाशी येणारा-जाणारा श्वास बघायला शिकलो आणि खरंच निवळलो. मग काय, उथळ पाण्याला खळखळाट फार! येडगावच्या आमच्या विहारात दर रविवारी सकाळी बैठक सुरू केली. सात-आठ माणसं यायची. नियम माझेच: तासभर डोळे उघडायचे नाहीत, हलायचं नाही, शेजारच्याला हात लावायचा नाही.

आक्का, माझी थोरली बहीण, गावातच दिलेली. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. तिला एका जागी बसवतच नसे. कधी पदर सावर, कधी पाय बदल, कधी खोक. मी सगळ्यांदेखत तिला बोलायचो, "आक्का, खाली मुंग्या हायेत का गं?" ती हसायची आणि पुढच्या रविवारी पुन्हा यायची. माझ्यासाठीच यायची, हे मला कळत होतं.

त्या रविवारी आठाच्या बैठकीला बसतानाच म्हणाली, "छाती लई भरून आलीय रं. हात पन जड पडलाय. जाऊ का घरी?"

"आतला मळ वर यायला लागला की असंच व्हतं," मी म्हणालो. "पळू नको. नुसतं बघत ऱ्हा, जाईल."

"बरं बाबा, तू म्हनतोस तर."

मी काय डॉक्टर लागून गेलो होतो? पण ती बसली.

डोळे मिटल्यावर तिचा श्वास मला शेजारी ऐकू येत होता. आधी धाप लागल्यासारखा, मग तुटक, मग इतका बारीक की ऐकूच येईना. ती जराही हलली नाही. आणि मला आनंद झाला हो! आक्का एकदाची बसली, असं वाटलं. मध्ये एकदा डोळे उघडून बघावंसं वाटलं, पण नियम मीच घातलेला, मीच कसा मोडू? आग लागो त्या नियमाला.

तास संपला. शेवटी म्हणतात तसं सगळे "साधू, साधू" म्हणाले, ती म्हणाली नाही. कपाळ घामानं निथळत होतं, ओठ काळेनिळे पडले होते. शेजाऱ्याच्या जीपमध्ये घातलं आणि नारायणगावला पळालो. तिची लेक सोबत होती, आईचे तळवे चोळत. आक्का वाटेतच गेली.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तपासून झाल्यावर विचारलं, "दुखायला कधी लागलं होतं?"

"आठ वाजता."

त्यांनी घड्याळ पाहिलं. साडेनऊ झाले होते. "मग एवढा वेळ काय करत होता तुम्ही?"

भाची माझ्याकडंच बघत होती. मी म्हणालो, "श्वास बघत बसलो होतो."