कॅलिफोर्नियाची झोप, रोह्याचा मांडव

भाचीच्या लग्नात मामाला काम ते किती? गौरीहरापुढे बसलेल्या नवरीला हात धरून उठवायचं, मांडवात आणायचं आणि मंगलाष्टका संपेपर्यंत तिच्या पाठीशी उभं राहायचं. भाषण नाही, मंत्र नाही. मांडवाच्या खांबालाही जमेल. पण खांब आदल्या दिवशी कॅलिफोर्नियाहून आलेला नसतो.

लेकाकडे दोन महिने राहून मी परत येत होतो. झोप ठिकाणावर यायला वेळ मिळावा म्हणून तिकीट मुद्दाम लग्नाच्या आठवडाभर आधीचं काढलं होतं. विमान कंपनीने ते पुढे ढकललं, मग रद्द केलं, मग उपकार केल्यासारखं दुसरं दिलं, आणि आठवड्याचा झाला एक दिवस. बायको आणखी महिनाभर तिकडेच राहणार होती, त्यामुळे हक्काने चिमटे काढणारं माणूसही सोबत नव्हतं.

निघताना लेकाने बजावलं, "बाबा, बसल्या बसल्या घड्याळ भारताच्या वेळेला लावा. तिकडे रात्र असेल तेव्हाच झोपा. पाणी भरपूर प्या, चहा-कॉफी जपून. आणि उतरल्यावर दिवसा उन्हात फिरा, आडवे होऊ नका."

नियम सगळे बरोबर होते. ते विमानाला कोणी सांगितले नव्हते, एवढंच. माझ्या घड्याळात रोह्याची रात्र झाली की हवाई सुंदरी जेवणाचे ट्रे घेऊन यायची आणि मागच्या सीटवरचं पोर लाथा मारत बडबडगीतं म्हणायचं. रोह्यात सूर्य उगवला की विमानातले दिवे मालवले जायचे, सगळे घोरायला लागायचे आणि मी एकटा राखणदारासारखा ताठ बसून.

पेणला घरात बॅगा टाकल्या आणि तसाच रोह्याला बहिणीकडे गेलो. त्या रात्री सगळं घर झोपलं आणि मी घुबडासारखा लख्ख जागा. पहाटे दारात सनई वाजली, आणि नेमकी तेव्हा माझी झोप आली. साधी नव्हे. कोणीतरी पापण्यांना वाळूच्या गोणी बांधाव्यात तशी.

"दादा, डोळे काय झालेत रे तुझे!" बहीण म्हणाली. "लोक म्हणतील, मामा रात्रभर पीत बसला."

पेणला माझं चष्म्यांचं दुकान आहे, त्यामुळे काळा गॉगल खिशात तयारच. तो चढवला. तिने तो ओढून काढला. "गॉगल लावून भाचीमागे उभा राहणार? बॉडीगार्ड हायस की मामा?"

हसायची वेळ नव्हती. भाचीने मला अमेरिकेत फोन करून सांगितलं होतं, "मामा, तुम्ही उठवायला आला नाहीत तर मी गौरीहरापुढून उठणारच नाही. लग्न तिथेच लावा म्हणावं." मीही शब्द दिला होता. सख्खा मामा मी एकटाच.

एकटाच, पण राखीव मामा होता. माझा चुलतभाऊ. माझं विमान रद्द झाल्याचं कळल्यापासून त्याने तयारी सुरू केली होती. नवा कुर्ता शिवला होता, सकाळी सातलाच फेटा बांधून घेतला होता, आणि दर थोड्या वेळाने येऊन माझ्या डोळ्यांत वाकून बघायचा.

"दादा, तू अजिबात टेन्शन घेऊ नको. तुला नाय जमलं तर मी हाय."

इतक्या प्रेमाने म्हणायचा की माझ्या अंगावर काटा यायचा.

माझा ताबा घेतला भावोजींनी, म्हणजे नवरीच्या बापाने. ते धाटावच्या कारखान्यात ऑपरेटर. निम्मं आयुष्य शिफ्ट बदलण्यात गेलेलं.

"अवो मामासाहेब, जेट लॅग म्हंजे काय येगळं हाय? नाईटवरून जनरलला येतो तसंच. एकच नियम. बसायचं नाय. बसला तो झोपला."

मग त्यांनी मांडवभर फर्मान काढलं, मामाला कोणी खुर्ची द्यायची नाही. तुम्ही कधी लग्नघरात खुर्चीवाचून फिरला आहात? समोर दोनशे खुर्च्या, पांढरी कव्हरं घातलेल्या, पाठीमागे गुलाबी बो बांधलेल्या, आणि मी नुसता बघतोय. एकदा एका म्हाताऱ्या काकूंना दया आली. "बस रे बाबा, पिवळा पडलायस," म्हणत त्यांनी शेजारची खुर्ची थोपटली. मी टेकणार, तोच भावोजी अक्षतांचं ताट टाकून धावत आले. "काकू, नाय! त्याला बसवू नका!" काकूंनी माझ्याकडे कळवळून पाहिलं. मला मूळव्याध आहे, हे संध्याकाळपर्यंत अर्ध्या रोह्याला माहीत झालं होतं.

मला उन्हात दारापाशी उभं केलं, हातात गुलाबदाणी. चार थेंब पाहुण्यांवर, चार स्वतःच्या डोळ्यांवर. चहा जपून पिण्याचा नियम मोडला. इतका चहा प्यायलो की कपांची मोजदाद सुटली, पण डोळे मिटतच होते. हिरवी मिरची चावली. डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्या पाण्यासकट झोप आली.

वऱ्हाड आलं. व्याही व्याह्यांना भेटले, मग मामाने मामाला भेटायचं. नवऱ्याचा मामा चांगला गुबगुबीत माणूस. त्याने मला मिठीत घेतलं, माझी हनुवटी त्याच्या खांद्यावर टेकली, आणि त्यानंतरचं मला आठवत नाही. जागा झालो तेव्हा तो माणूस माझी पाठ थोपटत हुंदके देत होता. "रडू नका हो," म्हणाला, "तुमच्या पोरीला आम्ही फुलासारखी जपू." आजूबाजूच्या बायकांनीही पदर डोळ्यांना लावले. फक्त राखीव मामा रडत नव्हता. तो फेट्याचा तुरा सारखा करत होता.

तेव्हा मात्र मी मनातून हादरलो. मिठीत झोपलो ते खपलं. मंगलाष्टका चालू असताना झोपलो तर? पुढे भाची, तिच्यापुढे अंतरपाट, पलीकडे नवरा. मी कोसळलो तर तिघंही अंतरपाटासकट आडवे. तिच्या लग्नाच्या व्हिडिओत जन्मभर तेच दिसेल.

"जा, वर जाऊन पड जरा," चुलतभाऊ कानाशी म्हणाला. "पंखा हाय. गाद्या घातल्यात. येळ झाली की मी..." त्याने वाक्य पुरं केलं नाही. पुरं करायची गरजच नव्हती.

आणि मी गेलो. खरंच सांगतो, पाय आपोआप गेले. खोलीत पाहुण्यांच्या गाद्या, उशांचा ढीग, वर फिरणारा पंखा. मी एका उशीवर हात ठेवला. ती इतकी थंड होती की मला रडू फुटलं. कॅलिफोर्नियात तेव्हा मध्यरात्र उलटली होती आणि माझ्या शरीराला तेवढंच माहीत होतं.

शेजारच्या खोलीतून पुटपुटणं ऐकू येत होतं. भाची गौरीहरापुढे बसली होती. उशी सोडून मी तिच्या दारात जाऊन उभा राहिलो. पिवळी अष्टपुत्री, मुंडावळ्या, हातात चिमूटभर तांदूळ.

"बाळा," मी म्हणालो, "मी हरलो. मी तुझ्या अंगावर पडेन. त्यालाच घे पाठीशी. फेटा बांधून तयार आहे बिचारा."

तिने तांदूळ गौरीवर वाहिले आणि माझ्याकडे पाहिलं. "मामा, तुम्हाला चालता येतंय ना?"

"चालता येतंय. उभं राहता येत नाही."

"मग हात धरा आणि मला उठवा. उभं राहायचं मी बघते."

तिला घेऊन मी मांडवात आलो. म्हणजे लोकांना तसं दिसलं. प्रत्यक्षात माझं मनगट तिने घट्ट धरलं होतं, बांगड्या रुतत होत्या.

अंतरपाट धरला गेला. गुरुजींनी दोन मंगलाष्टका म्हटल्या, आणि मला आशा वाटली. मग नवऱ्याच्या आत्याने पर्समधून कागद काढला. स्वतः रचलेली! तिच्यात नवऱ्याचं बारसं, मुंज आणि इंजिनिअरिंगची चारही वर्षं होती. माझी मान पुढे झुकली. तेवढ्यात "सावधान" झालं, अक्षता तोंडावर आल्या, मी दचकून सरळ. मग नवऱ्याची दुसरी आत्या. तिच्याही हातात कागद. मी पुढेमागे झुलायला लागलो. डाव्या बाजूला चुलतभाऊ एक पाऊल पुढे सरकलेला दिसला.

तेव्हा भाची न वळता, ओठ न हलवता म्हणाली, "मामा, भार टाका."

"अगं, पण..."

"टाका म्हणते ना."

ती पाऊलभर मागे सरली, पाय फाकवून नऊवारीत घट्ट रोवले आणि पाठ माझ्या छातीला लावली. मी दोन्ही हात तिच्या खांद्यांवर ठेवले आणि टाकला भार. सगळा. इतकी गाढ झोप मला त्या दोन महिन्यांत लागली नव्हती. कोणकोण गायलं, किती गायलं, काही माहीत नाही.

पुढचं मी व्हिडिओत पाहिलं. अंतरपाट खाली गेला, वाजंत्री सुरू झाली, नवऱ्याने हार घालून घ्यायला मान पुढे केली. नवरी जागची हलेना. नवरा मान वाकवून तसाच उभा. एक बाई म्हणाली, "लाजली गो, लाजली!" दुसरी म्हणाली, "आता कसली लाजते, पाच वर्सं एका ऑफिसात हायेत." भावोजी हातवारे करतायत, बहीण कपाळाला हात लावून उभी. भाची मात्र हार हातात घेऊन बुरुजासारखी ठाम, कारण पाऊल पुढे टाकलं असतं तर मी पालथा.

मग तिने कोपराने माझ्या बरगडीत जोरात ढोसलं. एवढं मात्र मला स्वतःला आठवतं, कारण त्यानेच जाग आली.

"मामा, सोडा आता," ती म्हणाली, "मला नवऱ्याकडे जायचंय."