बॅटऱ्यांचं माहेर

थंडी माणसांच्या आधी बॅटऱ्यांना वाजते, असं ठामपणे मानणारी एकच व्यक्ती पुणे शहरात आहे आणि दैवयोगानं ती माझ्या बायकोची आत्या आहे. आत्या शनिवार पेठेत, लिफ्ट असून बहुधा बंद असलेल्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहतात. मुलींच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. लग्न केलं नाही. ‘बघायला आलेल्यांपैकी एकालाही आवर्तसारणी येत नव्हती,’ एवढंच कारण त्या सांगतात. जन्मभर साधी सायकल चालवली आणि गुडघ्यांनी संप पुकारल्यावर विजेवर चालणारी घेतली. सायकलीबरोबर एक माहितीपुस्तिका मिळाली होती. ती वाचणारं, दुकानाच्या इतिहासातलं पहिलंच गिऱ्हाईक म्हणजे आत्या असाव्यात. पुस्तिका कुठल्याशा गारठलेल्या देशातल्या लोकांसाठी लिहिलेली होती. हिवाळ्यात सायकल बंद ठेवणार असाल तर बॅटरी काढून घरात आणा, अर्धी भरलेली ठेवा, कोरड्या आणि गार जागी ठेवा, बर्फापासून जपा, असं तीत बजावलं होतं. आत्यांना दम्याचा त्रास असल्यामुळे दिवाळी ते होळी गार वारा वर्ज्य. त्यामुळे सायकल खरोखरच थांबायची आणि पुस्तिकेतला शब्दन् शब्द शनिवार पेठेत अंमलात यायचा.

‘आत्या, आपल्याकडे बर्फ रसवंतीगृहाबाहेर कुठे दिसतो?’ असं मी एकदा विचारलं. ‘नाही ना पडला अजून? मेट्रोही कालपर्यंत नव्हतीच,’ त्या म्हणाल्या आणि विषय संपला.

बॅटरी कुठे ठेवायची यावर पहिल्या वर्षी आठवडाभर खल झाला. स्वयंपाकघरात गॅस, माळ्यावर उष्मा, कपाटात वारा नाही, बाल्कनीत ऊन. शेवटी पाहुण्यांची खोली बॅटरीला मिळाली आणि पाहुणे, म्हणजे आम्ही, हॉलमध्ये आलो. ‘तुम्हाला पांघरूण देता येतं. तिला चालत नाही,’ हा त्यामागचा विचार. बॅटरी अर्धीच का भरायची, हे त्यांनी मला पुरणपोळी वाढता वाढता समजावलं. ‘तुडुंब जेवून महिनाभर झोपलं तर काय होईल? आणि उपाशीपोटी झोपलं तर? म्हणून अर्धपोटी.’ मग माझ्या ताटाकडे पाहून म्हणाल्या, ‘असू दे, तुम्हाला नाही कळायचं, जावईबापू,’ आणि आणखी एक पोळी वाढली. महिन्यातून एकदा बॅटरीचे दिवे तपासायचे असतात, आणि विसरायला नको म्हणून त्यांनी त्याला संकष्टी नेमून दिली होती. चार्ज उतरलेला दिसला तर थोडासाच भरायचा, आणि तेवढा वेळ शेजारी स्वेटर विणत बसायचं. एका संकष्टीला आम्ही बेल वाजवून वाजवून थकलो, तेव्हा आतून आवाज आला, ‘थांबा जरा, बॅटरी जेवतेय!’

या साऱ्याची सगळ्यात जास्त थट्टा त्यांच्या शेजारी राहणारे सोसायटीचे चेअरमन करायचे. त्यांच्याकडे विजेवरची स्कूटर होती आणि प्रत्येक विषयावर मत होतं. ‘बाईंनी बॅटरीला सुंठवडा दिला का?’ असं ते जिन्यात मोठ्यानं विचारायचे. पण मनात कुठेतरी आत्यांचं अर्धं बोलणं रुतलं असावं. कारण एका डिसेंबरात मुलाकडे बेंगळुरूला जाताना त्यांनी स्कूटरची बॅटरी काढून घरात आणली, चार्जरला लावली, आणि तिला थंडी वाजू नये म्हणून गोधडीत गुंडाळून बाल्कनीत ठेवली.

पुढच्याच रविवारी दुपारी आम्ही आत्यांकडे जेवत होतो. भातावर वरण घेता घेता त्यांचा हात थांबला. ‘गोडसर वास येतोय. नेलपॉलिशसारखा,’ त्या म्हणाल्या. मला फक्त आमटीचा येत होता. त्या उठून बाल्कनीत गेल्या आणि परत आल्या तेव्हा चेहरा पार बदललेला होता. पलीकडे चेअरमनांच्या बाल्कनीतल्या गोधडीतून धूर निघत होता.

त्यानंतर आत्या शाळेत असाव्यात तशा वागल्या. बायकोला म्हणाल्या, ‘वरपासून सगळ्यांना खाली ने. लहान मुलं आधी.’ मला म्हणाल्या, ‘चेअरमनांच्या घराचा मेन स्विच खालून बंद करा.’ स्वतः अग्निशमन दलाला फोन लावून बॅटरी लिथियमची आहे, हे दोनदा स्पष्ट सांगितलं. चेअरमनांच्या घराची किल्ली आत्यांकडेच असायची, म्हणून मी मेन बंद करून वर येऊन म्हटलं, ‘आत जाऊन दोन बादल्या पाणी ओतू का?’

‘मुळीच नाही. शौर्य तुमच्या घरी दाखवा. खाली चला.’

गाडी आली. जवानांनी किल्लीनं दार उघडलं, ते धुमसणारं बोचकं वाळूच्या घमेल्यात घालून अंगणात नेलं, आणि ते मोकळ्यावर ठेवून मागे सरतात न सरतात तोच त्यातून फुसकारत ज्वाळा उठली. रस्त्यापलीकडे उभ्या माणसांनीही एकदम श्वास ओढला. वरती एक पडदा जळाला, भिंत काळी झाली, एवढ्यावर निभावलं. तिसऱ्या मजल्यावरचं तान्हं बाळ मात्र आईच्या खांद्यावर शांत झोपून होतं. आत्या त्याच्याकडे बघत राहिल्या. घरी परतल्यावर त्यांनी चहा टाकला. ‘वास मला सकाळीच आला होता,’ त्या हळूच म्हणाल्या. ‘म्हटलं, म्हातारं नाक, काहीतरी भास.’

चेअरमन दुसऱ्याच दिवशी परतले. काळी भिंत बघून थेट आत्यांच्या दारात आले.

‘आभार मानायला आलोय.’

‘मानलेत. आत या, कॉफी टाकते.’

‘तुम्ही म्हणाला होतात ना, थंडीत जपायला हवी. म्हणून गोधडी...’

‘माझं पुढचं वाक्य ऐकायच्या आधी तुम्ही हसायला लागला होतात,’ आत्या म्हणाल्या. पण साखर दोन चमचे घातली, हे मी पाहिलं.

पुढच्या दिवाळीनंतर चेअरमन ‘हिवाळाभर पायीच फिरणार’ म्हणत नवी बॅटरी घेऊन स्वतःच दारात हजर झाले. मग तिसऱ्या मजल्यावरचं, बाळ असलेलं आयटीतलं जोडपं आलं. ‘आत्या, आम्ही अमरावतीला चाललोय, तिथूनच वर्क फ्रॉम होम आहे. आमच्या स्कूटरची पण ठेवता का, प्लीज?’ आत्यांनी तिघींना खोलीत एकमेकींपासून लांब, फरशीवर बसवलं. ‘भांडायला नको,’ म्हणाल्या.

आता संकष्टीला तिथं मेळाच असतो. चेअरमन आधी दिवे मोजतात आणि मग मोदक. अमरावतीहून व्हिडिओ कॉल येतो, आत्या बॅटरी दाखवतात आणि बाळ बघून घेतात. होळी झाली की मात्र सगळं पांगतं. यंदा आम्ही गेलो तेव्हा सगळे आपापली बॅटरी घेऊन गेले होते. पाहुण्यांची खोली झाडून मोकळी केलेली होती आणि आम्हाला आत झोपायची परवानगी होती. आत्या दारात उभ्या राहून त्या रिकाम्या फरशीकडे पाहत होत्या.

‘आता सायकल सुरू ना?’ मी विचारलं.

‘हो, उद्यापासून,’ त्या म्हणाल्या. मग आत जाऊन खिडकी लावता लावता म्हणाल्या, ‘पण हल्ली उन्हाळा फार लांबतो हो, जावईबापू.’