पाना न लावणारा मिस्त्री

मांडवीच्या स्पेअरपार्टवाल्याने मला नव्या खोक्यात जुना माल विकला, आणि जीव गेला माझ्या मिस्त्रीचा.

त्याला तुम्ही गॅरेजवरून जाताना पाहिले असेल. हातात खडू, तोंडात शिवी. ब्रेकच्या पट्ट्या झिजल्या की फट वाढते. ती आपोआप भरून काढणारा स्लॅक अ‍ॅडजस्टर हल्ली ट्रकला येतो. आमचे ड्रायव्हर मात्र ब्रेक ढिला लागला की जुन्या सवयीने गाडीखाली शिरून तो पान्याने आवळत. मिस्त्रीने पाहिले तर तोच पाना त्यांच्या पाठीत बसे. "मेल्या, आपला आपण आवळणारा तो. हाताने आवळायची पाळी आली म्हणजे खलास झाला. मढ्याला पावडर लावतोस काय?"

एकाचा त्याने दात पाडला. मग आठवडाभर त्याला घरची पेज आणून पाजली, तीही शिव्या देत.

मी चिरेखाणीत पाठीवर चिरे वाहून ट्रक उभे केले. घासाघीस केल्याशिवाय सुईसुद्धा घेत नाही. मागच्या चाकांचे दोन्ही स्लॅक असेच भाव पाडून आणले. पंधरा दिवसांनी, चिरे भरलेली गाडी निघताना, मिस्त्रीने ब्रेकच्या दांड्यावर खडूची रेघ मारली आणि ड्रायव्हरला ब्रेक दाबायला लावला. दोन बोटांवर यायला नको ती रेघ चार बोटे बाहेर आली.

"शेठ, गाडी हलणार नाय."

"पूर्णगडला गवंडी खोळंबलेत. आवळ आणि सोड. एकच खेप."

त्याने पाना माझ्या पायाशी फेकला. "तुम्हीच आवळा."

मी आवळला. ड्रायव्हर चढू लागला, तसे मिस्त्रीने त्याला कॉलर धरून खाली ओढले. "तुझी पोरं लहान आहेत. पहिल्या गियरात उतरवतो मीच."

उतारावर ब्रेक गेला. समोरून एसटी येत होती. त्याने ट्रक दरडीवर घातला. चिरे केबिन फोडून पुढे आले. मी पोचलो तेव्हा एसटीतली माणसे हातांनी चिरे उपसत होती. वर फक्त त्याचा एक हात दिसत होता.

दोन्ही स्लॅक काढून घासले. काळ्या रंगाखाली गंज, आत झिजलेले दाते. दुकानदाराच्या काउंटरवर आपटले तेव्हा काच फुटली. मी त्याचा गळा धरला.

"शेठ, भाव कोणी पाडला? त्या भावात नवा येतो काय?"

मी त्याचा गळा सोडला.

येत नाही, तर त्याने तेव्हाच सांगायचे होते. शिव्या देत का होईना, मी उठून गेलो असतो. पाना मी लावला, गाडी मी रेटली, हे मिस्त्रीच्या बायकोला मी तोंडाने सांगितले. तिने दार लावून घेतले. खोक्यात जुना माल कोणी भरला, हे तिला अजून कोणी सांगितलेले नाही. दुकानदाराने त्या दारात उभे राहावे आणि सांगावे.