शिंगाचं दूध

वाल्पुरी वहिनी गेली तेव्हा पाद्रीबुवांनी तिच्याबद्दल जेमतेम चार वाक्यं सांगितली. कष्टाळू होती, देवभीरू होती, सात मुलं झाली, त्यातली सहा देवानं आपल्याकडे नेली. झालं. मी पुढच्याच बाकावर बसले होते, कुबडी मांडीवर आडवी धरून, आणि मला असा संताप आला म्हणून सांगू! देवानं नेली म्हणे. देवाला काय दुसरे उद्योग नाहीत? आपण करायचं आणि देवाच्या नावावर खपवायचं, ही आमच्या या उत्तरेकडच्या बर्फाळ नदीकाठची जुनी खोड. म्हणून म्हटलं, वहिनीची गोष्ट आता मीच सांगते. मी तिची नणंद, हेट्टा. मला सगळं ठाऊक आहे, कारण त्यातलं बरंच मीच केलंय.

वहिनी आमच्या घरात आली ती नदीच्या वरच्या अंगाच्या एका दरिद्री घरातून. माझा थोरला भाऊ इसाक्की मासे धरायला तिकडे गेला होता, तो मासे राहिले बाजूला, हिलाच बघून आला. आमच्याकडे सहा गाई, दगडी चूल, काचेच्या खिडक्या. तिच्या माहेरी एक बकरी होती, तीही लांडग्यानं नेली. माझ्या आईनं, म्हणजे तिच्या सासूनं, पहिल्याच दिवशी तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "हाडं बरी आहेत. बाकीचं मी शिकवीन." वहिनी खदखदून हसली. तेव्हा ती फार हसायची. एवढ्या मोठ्यानं की आई ओरडायची, "दार लावा गं, लोकांना वाटेल घरात दारू आणलीय."

आईनं शिकवलं ते असं. गाय कापली की तिच्या सडाची कातडी मिठात घालून ठेवायची. दुसऱ्या एखाद्या गाईचं शिंग घ्यायचं, टोक कापून भोक पाडायचं, त्या टोकावर ते सड दोऱ्यानं करकचून बांधायचं. शिंगात दूध ओतायचं, बहुतेक वेळा कालचं, आंबटलेलं, आणि शिंग पाळण्यावर टांगून द्यायचं. पोर पडल्या पडल्या चोखत राही आणि बाई गोठ्यात जायला मोकळी. अंगावर पाजायचं ते रेनडिअरमागे हिंडणाऱ्या लाप बायकांनी, नाहीतर ज्यांच्या दारात गाय नाही अशा भिकारणींनी. घरंदाज बाई बाळंत झाली की तिची छाती फडक्यानं आवळून बांधायची, दूध आटेस्तोवर. गाय व्याली की तिच्या पहिल्या दुधाचा खरवस भाजून आम्ही मिटक्या मारत खायचो, आणि बाईचं पहिलं दूध चुलीच्या राखेत पिळून टाकायचो. घाण म्हणून! आज मला स्वतःचीच शिसारी येते.

आता माझं सांगते. सहा वर्षांची असताना मी माळ्यावरून पडले आणि डावा पाय कायमचा गेला. लग्न नाही, शेतात काम नाही. पण सड बांधण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. गळायचं नाही, सुटायचं नाही. शेजारच्या बायका आपली शिंगं घेऊन माझ्याकडे यायच्या. आई म्हणायची, "हेट्टाचं शिंग म्हणजे शिंग!" घरातली पोरं मीच पाजायची. सकाळी गार पाण्यानं शिंग विसळायचं, की झालं. सड आतून कुजतं हे मला दिसत नव्हतं का? वास यायचा. पण वास सगळ्यांच्याच शिंगांना यायचा.

वहिनीची पाच मुलं मी माझ्या हातानं पाजली. पाचही गेली. तिघं पहिल्याच उन्हाळ्यात, एक दहा महिन्यांचं होऊन, आणि एक अठराव्या दिवशी. पोट फुगायचं, जुलाब लागायचे, डोळे खोल जायचे, संपलं. पहिल्या वेळी वहिनी आठ दिवस जेवली नाही. पाचव्या वेळी तिनं त्याच संध्याकाळी गाईंचं दूध काढलं. मधल्या कुठल्या तरी वर्षी तिचं हसणं बंद झालं, नेमकं कधी ते मला सांगता येणार नाही. आई म्हणायची, "मला अकरा झाली, चार वाचली. म्हणजे काय थोडी झाली?" आमच्याकडे हाच हिशेब सगळ्या घरांतला.

मग एका हिवाळ्यात, बर्फावरून घसरगाडीत बसून, शहरातून एक शिकलेली सुईण आली. होल्मबाई. तिला आमची भाषा धड येत नव्हती, पण हिंमत दांडगी. तिनं आमच्याच घरात बायका गोळा केल्या, माझ्या हातातलं शिंग घेतलं, कात्रीनं सड उभं चिरलं आणि पसरून दाखवलं. आत हिरवट बुरशी आणि पांढरं काहीतरी चिकट. बाई म्हणाली, "हे तुम्ही पोरांना चोखायला देता. तुमचं स्वतःचं दूध राखेत टाकता."

आई उठून उभी राहिली. "बाई, तुम्हाला किती पोरं?"

"एकही नाही."

"अगं बाई!" आईनं कपाळावर हात मारला. "हिच्या पदरात एक पोर नाही, आणि ही आम्हाला पोरं वाढवायला शिकवणार!" घर हसण्यानं दणाणलं. मीही हसले, माझं चांगलं बांधलेलं सड तिनं चिरलं म्हणून जरा जास्तच. एकटी वहिनी हसली नाही. तिचे दिवस भरत आले होते. ती बाईला दारापर्यंत पोचवायला गेली आणि बराच वेळ परत आली नाही.

बर्फ वितळता वितळता सान्ना झाली. सहावी. आईनं वहिनीची छाती बांधली, मी शिंग तयार केलं, सगळं नेहमीसारखं. पण दोन आठवडे गेले तरी शिंगातलं दूध उतरेना. पोरगी मात्र टुमटुमीत. माझ्या मनात पाल चुकचुकली. एके दिवशी वहिनी पोरीला घेऊन गोठ्यात गेली, तशी मी कुबडी टेकत मागून गेले. गाईच्या आडोशाला बसली होती, फडकं सोडलेलं, आणि सान्ना घटाघटा पीत होती.

वहिनी घाबरली नाही. म्हणाली, "हेट्टा, पाच दिली मी. ही नाही देणार. थोडे दिवस गप्प बसशील? पोरगी जरा बाळसं धरू दे, मग मीच सांगेन सगळ्यांना."

"बसेन," मी म्हणाले. आणि बसलेही. शिंगातलं दूध मी गुपचूप मांजराला घालायची. सान्ना अशी फोफावली की येणारा जाणारा बघत राही. मनगटांना वळ्या पडल्या, हुंकार द्यायला लागली. आई सगळ्यांना सांगत सुटली, "आमच्या हेट्टाची करामत!" आणि मी ते ऐकून घेत होते. खोटी शाबासकी घ्यायला मला लाज वाटली नाही, खरं सांगते.

गवत कापायचे दिवस जवळ आले. आमची कुरणं नदीच्या वर, होडीनं दीड दिवसाच्या वाटेवर. घरातली सगळी धडधाकट माणसं दोन-तीन आठवडे तिकडेच राहतात. निघायच्या आदल्या संध्याकाळी शेजारची कारीना आली, तिची सून शिंग नको म्हणते असं सांगत. त्या सुईणीनं तिचंही डोकं फिरवलं होतं. आई हसत म्हणाली, "सगळ्याच पाजायला लागल्या तर आमच्या हेट्टानं काय करायचं गं? घरोघर फिरायचं?"

थट्टेत म्हणाली हो. पण मला ती थट्टा वाटली नाही. आमच्या गावात ज्याचा काही उपयोग नाही, ज्याला कुणी नाही, त्याला आठ-आठ दिवस एकेका घरी फिरवतात. दाराजवळची जागा, ताटातलं उरलेलं, आणि नवव्या दिवशी पुढचं घर. लंगडी अन्ना अशीच फिरत होती, तिला पोरं दगड मारायची. आज आई आहे. उद्या आई मेली, वहिनीची पोरं वहिनीच पाजायला लागली, तर मला कोण ठेवून घेईल? का ठेवील?

कारीना गेली आणि मी आईला सांगितलं. सगळं सांगितलं. गोठा, फडकं, शिंगातलं दूध. एका दमात.

आईनं जो तमाशा केला तो विचारू नका. शेतावरचे गडी, इसाक्की, सगळ्यांसमोर. "लापीण! माझ्या घरात जनावरासारखी पोर लावून बसते! म्हणूनच हिच्या माहेरी गाय नव्हती." वहिनी सान्नाला उराशी धरून म्हणाली, "मी हिला कुरणावर बरोबर नेणार." आई म्हणाली, "डास फाडून खातील तिला. पोर घरी राहील, शिंगावर, जसं तुझ्या नवऱ्याला वाढवलं तसं." वहिनीनं इसाक्कीकडे पाहिलं. माझा भाऊ वाईट नव्हता, नुसता मऊ होता. तो आपल्या बुटांकडे बघत म्हणाला, "आई म्हणते तसं कर."

सकाळी आईनं स्वतःच्या हातानं तिची छाती बांधली. होडी निघाली तेव्हा मागे म्हातारी आई आणि मी उरलो, सान्ना माझ्या कडेवर होती.

दोन दिवस पोरीनं शिंग तोंडात घेतलं नाही. रडून रडून तिचा आवाज बसला. मी बोटानं दूध चाटवलं. तिसऱ्या दिवशी भुकेपोटी तिनं चोखलं आणि आई म्हणाली, "बघ, सगळी नाटकं." पाचव्या दिवशी जुलाब सुरू झाले. मला होल्मबाईचं चिरलेलं सड आठवलं. मी ते उकळत्या पाण्यात टाकलं. कातडं आखडून बोटभराचं नखाएवढं झालं, त्यातून थेंब येईना. आईनं माझ्या पाठीत धपाटा घातला, "चांगलं सड नासवलंस!" मी आईचे पाय धरले. म्हटलं, कुणाला तरी कुरणावर धाड, वहिनीला बोलाव. आई म्हणाली, "आभाळ भरून आलंय. गवत भिजलं तर हिवाळ्यात गाई काय खातील?" माझ्यानं वल्हवणं होत नव्हतं, लांब चालणंही. तरी मी कुबडी घेऊन नदीपर्यंत गेले आणि येणाऱ्या-जाणाऱ्या होड्यांना हाका मारत बसले. वरच्या अंगाला जाणारं कुणीच नव्हतं. नवव्या दिवशी सकाळी सान्ना गेली.

गवत आटोपून वहिनी चार दिवसांनी आली. सान्नाची शवपेटी थंड कोठारात ठेवली होती. तिची चोळी पुढून ओलीगच्च होती, त्या बांधलेल्या फडक्यातूनही दूध आटलेलं नव्हतं. ती तडक कोठारात गेली. पेटी मांडीवर घेऊन संध्याकाळपर्यंत बसली. मी दारात उभी होते. तिनं मला शिव्या घातल्या असत्या, केस धरून फरफटवलं असतं, तर माझ्यावर उपकार झाले असते.

पुढल्याच्या पुढल्या वसंतात सातवा झाला, यूनास. आई फडकं घेऊन आली तेव्हा वहिनीनं ते तिच्या हातातून काढून घेतलं आणि सगळ्यांदेखत, चुलीसमोरच्या बाकावर बसून, पोराला छातीशी लावलं.

"लाज आहे का काही?" आई किंचाळली.

"होती," वहिनी म्हणाली. "देवळामागे सहा खड्डे आहेत, त्यांच्या शेजारी सातवा खणा आणि पुरा त्या लाजेला. लापीण म्हणा, कुत्री म्हणा. तुमच्या शिंगाला हा तोंड लावणार नाही." आई दोन महिने तिच्याशी बोलली नाही. गावातल्या बायका खिडकीतून डोकावून जायच्या. वहिनी पाजत राहिली.

गवताचे दिवस आले. निघायच्या सकाळी वहिनीनं यूनासला लाप बायकांसारखं लाकडी झोळीत घालून पाठीवर बांधलं आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "चल, हेट्टा." इसाक्कीला म्हणाली, "हिला उचलून होडीत बसव." त्यानं निमूट बसवलं. आयुष्यात पहिल्यांदा मी कुरण पाहिलं.

तिथे माझं काम एवढंच. ओल्या लाकडांचा धूर करत राहायचं, डास लांब ठेवायचे, पोर मांडीवर घ्यायचं. वहिनी कापत जायची आणि छाती भरून आली की यायची. पहिल्याच दुपारी ती माझ्याशेजारी बसून पाजत होती. म्हणाली, "दूध माझ्याकडे आहे गं, पण हात कुठून आणू? तू नसतीस तर याला आणताच आलं नसतं."

मग माझ्याच्यानं राहवेना. "वहिनी, सान्नाच्या वेळी आईला मीच सांगितलं."

"ठाऊक आहे. गोठ्यात तू एकटीच आली होतीस."

"मला वाटलं, तू पाजायला लागलीस की माझी गरज संपली. मला घरोघर फिरवतील."

ती पोराच्या टाळूवरून बोट फिरवत राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्या वर्षीही मी हेच ठरवलं होतं. तुला बसता यावं म्हणून होडीत गवत अंथरून ठेवलं होतं. पोरगी तुझ्या मांडीवर, मी शेजारी कापणार. निघायच्या सकाळी उठले की तुला सांगायचं, असं मनात होतं."

यूनास पिऊन झाला होता. तिनं त्याला माझ्या खांद्यावर ठेवलं. "ढेकर काढ त्याची," म्हणाली, आणि विळा उचलून गवतात निघून गेली.