हाडांचा दरवाजा आणि एक खोटी मिशी

ताज्या मटाराची शेंग अंगठ्याने फोडली की तिच्यातून येणारा तो गोडसर, हिरवा, किंचित ओल्या मातीचा वास माझ्या मनात एका भयंकर जागेशी कायमचा जोडला गेला आहे. मेलेल्या राजाचा किल्ला, बुरुजांवर कावळे, आणि तळघरात कवट्यांशी हळू आवाजात बोलत बसलेली एक राजकन्या. मटारासारख्या निरागस भाजीवर हा प्रसंग आणला तो मीच.

झाशीचा जानेवारी सकाळभर धुक्यात तोंड लपवून बसतो आणि दुपारी एकदम उदार होतो. त्या उदार उन्हात, पेंढारकर काकूंच्या गच्चीवर, दर रविवारी आम्ही सहा-सात मराठी बायका जमतो. बरुआसागरचा भाजीवाला आदल्या दिवशीच मटाराचं पोतं टाकून जातो आणि “जिज्जी, अबकी दाना मीठो है” असं सांगायला विसरत नाही. वर्षभराचे दाणे सोलून ज्याचे त्याने घरी न्यायचे, असा रिवाज. रिवाजाचं दुसरं कलम असं, की जी गोष्ट सांगेल तिने सोलायचं नाही. हे कलम काकूंच्या सासूबाईंनी घातलेलं; तेव्हा पोथ्या-पुराणं सांगत असत. गेली काही वर्षं ते पद माझ्याकडे आहे, कारण मला आवाज बदलता येतात, भुवया नाचवता येतात, आणि खरं सांगायचं तर मटार सोलायचा मला मनस्वी कंटाळा आहे.

आता माझ्या वाचनाविषयी. मला काळोख्या अद्भुतकथा आवडतात. शाप, स्मशानं, रक्ताने उघडणारी कुलुपं, आणि या सगळ्या अंधारात दोन बायकांचं किंवा दोन पुरुषांचं एकमेकांवर जडलेलं, जीव टांगणीला लावणारं प्रेम. नवरा कारखान्यात गेला, आमटीला फोडणी पडली, की मी उन्हाच्या चौकोनात खुर्ची ओढून अशा पुस्तकात शिरते आणि कुकरच्या शिट्टीनेच परत येते. का आवडतात, हे मला अनेकांनी विचारलं आहे, जणू वैद्याला लक्षणं सांगायची आहेत. रहस्यकथा वाचणाऱ्या आमच्या शेजाऱ्यांना मात्र आजवर कोणी विचारलं नाही की आपण किती खून केलेत. मला आवडतात कारण त्या प्रेमाला आयतं काहीच मिळत नाही. आशीर्वाद नाही, सनई नाही, पंगत नाही. दोघींना प्रत्येक पायरी स्वतः शोधावी लागते, आणि तीही मेणबत्ती विझलेली असताना. पन्नाशी उलटलेल्या, सगळं आयतं मिळालेल्या बाईला यापेक्षा मोठी मेजवानी कोणती?

तर या हिवाळ्यात माझ्या हाती एक असंच जाडजूड इंग्रजी पुस्तक लागलं. त्यात कवट्यांशी बोलणारी ती राजकन्या आणि तिच्या घराण्याच्या कबरी खोदणारी एक धिप्पाड, हजरजबाबी बाई. कबरखोदीचं बोलणं असं, की मी वाचताना एकटीच हसत सुटायची. ती मला गच्चीवर न्यायचीच होती. पण पहिल्या रविवारी सांगायला तोंड उघडलं, समोरचे सहा ओळखीचे चेहरे पाहिले, आणि मी ऐन वेळी कचरले. मी त्या कबरखोदीचा पुरुष करून टाकला. एवढंच नाही, खोटं भक्कम व्हावं म्हणून त्याला मिशीही दिली.

मिशी अफाट गाजली. ती पिळदार आहे की झुपकेदार, यावर काकूंनी खुलासा मागितला. दुसऱ्या रविवारी तिला कबरीतली माती लागली, तिसऱ्या रविवारी राजकन्येने ती पदराने पुसली, आणि सगळ्याजणी सुस्कारल्या. मी खुशीत होते, आणि घरी जाऊन पुस्तक उघडलं की त्या बिचारीच्या डोळ्याला डोळा भिडवता येत नव्हता.

त्या तिसऱ्या रविवारी मी जिना उतरत असताना केतकी मागून आली. ही बबीनाच्या छावणीतल्या सुभेदार शेळक्यांची मुलगी. सदर बाजारातल्या एका बँकेत नोकरीला, पंचविशीची, झाशीतच वाढलेली. मराठी तिला सगळं कळतं, पण बोलते हिंदीत. आईच्या, म्हणजे शेळके वहिनींच्या, शेजारी बसून ती मुकाट सोलत असे. मला वाटे तिला कंटाळा येत असावा.

“काकू, वो किताब मैंने पढ़ी है,” ती हळूच म्हणाली. “आगे वो दरवाज़ा है. वहाँ क्या करेंगी आप? मार देंगी उसे?”

ती दोन पायऱ्या उतरली, थांबली.

“आई पहली बार ऐसी कोई कहानी पूरी सुन रही है.”

तो दरवाजा मला ठाऊक होता, आणि आठवडाभर मी त्याच्याचपुढे उभी होते. हाडांचा दरवाजा, पुरुषाचा हात लागला तर त्या पुरुषाची राख होते, आणि एकमेकींवर जीव असलेल्या दोघींनी मिळून हात ठेवला तरच उघडतो. सगळी कादंबरी त्या बिजागरीवर फिरते. मिशीवाल्याची राख करावी, तर प्रेम संपलं. राजकन्येला एकटीलाच पाठवावं, तर दरवाजा उघडावा कशाने? एका दुपारी तर मी त्याला लुगडं नेसवूनही पाहिलं, मनातल्या मनात, आणि स्वतःचीच लाज वाटली. कारण प्रश्न आता कथेचा राहिला नव्हता. मी त्या बाईचं काय करते, हे एक मुलगी मटार सोलता सोलता पाहणार होती, आणि तिच्या आईसमोर पाहणार होती.

चौथ्या रविवारी ऊन तेच होतं, पोतं नवं होतं. मी पाणी प्यायले, पदर खोचला आणि सांगून टाकलं की कबर खोदणारा पुरुष नव्हताच, बाई होती. पहिल्या पानापासून बाई होती, राजकन्येचं प्रेम तिच्यावर होतं, आणि मिशी माझ्या भित्रेपणाची होती. बबीनाच्या बाजूने तोफांच्या सरावाचा एक बोदा आवाज आला आणि विरून गेला. देशमुख वहिनींना गॅसवर ठेवलेल्या दुधाची आठवण झाली. त्या उठून गेल्या, आणि पुढच्या रविवारीही आल्या नाहीत, हे इथे सांगायला हवं.

पेंढारकर काकूंनी हातातली शेंग खाली ठेवली.

“म्हणजे तीन रविवार मी एका खोट्या मिशीवर मटार सोलले?”

“हो काकू.”

“परात घे,” त्या म्हणाल्या. “आता सोलायचं पण आणि सांगायचं पण. पहिल्यापासून. आणि पुन्हा काही कापलंस तर पोतं तुझ्या घरी पाठवीन.”

मी सोलत सांगू लागले. नखं हिरवी झाली, अंगठा हुळहुळला, पण कबरखोदी आपल्या खऱ्या आवाजात बोलू लागताच गच्ची अशी हसली, की मिशीला कधी तसं हसू मिळालं नव्हतं. काकूंनी मध्येच जाहीर केलं की ही बाई आपल्याला पहिल्यापेक्षा पसंत आहे, हिला निदान बोलता येतं. उन्हं भिंतीवर चढली तेव्हा दोघी दरवाजापाशी पोचल्या. मी माझे मटाराने माखलेले दोन्ही हात हवेत टेकवले, आणि हाडांचा तो दरवाजा आवाज न करता उघडला.

मग चार रविवारांत एक शब्द न काढलेल्या शेळके वहिनींनी परातीतून मान वर न करता विचारलं, “पुढं राहतात का हो त्या एकत्र? नीट?”

प्रश्न मला होता. पण उत्तर केतकीने दिलं, अडखळत, शब्द एकेक पारखून, मी तिच्या तोंडून प्रथमच ऐकत असलेल्या मराठीत.

“राहतात, आई. दोघी राहतात.”

शेळके वहिनींनी मान हलवली आणि सोललेले दाणे दोघींच्या मधल्या एकाच डब्यात ओतले. मी शेवटचं पान चार वेळा वाचलं आहे. लेखिका त्या दोघींना दरवाजाच्या पलीकडच्या उजेडात सोडून निघून जाते. त्या कुठे गेल्या, कशा राहिल्या, याविषयी अक्षर नाही. केतकीलाही ते माहीत होतं. मी पुढची शेंग उचलली. या वेळी पुस्तकात नसलेलं मी काही सांगितलं नव्हतं, आणि तिने सांगितलेलं खोटं आहे, असं मला काही केल्या म्हणवेना.