अक्काच्या भिंतीवरचा कागद

दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा अक्काला धाप लागत होती. माझा हात ओढून ती म्हणाली, "ते हेडमास्तर भेटायला येतील बघ. चहा दे... पण आदी भिंतीवरचं वाचायला लाव. मोट्यानं."

"मला न्हाय जमायचं, अक्का."

परक्या पुरुषापुढं माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, हे तिला ठाऊक होतं. त्याच आठवड्यात ती गेली. आता महिना झाला.

अक्का माझी थोरली बहीण. ती नापास होत राहिली म्हणून भवानी पेठेतल्या शाळेत चौथीला आम्ही दोघी एकाच वर्गात होतो. ती वाचायला उभी राहिली की अडखळायची. गुरुजी बाकावर छडी आपटायचे, "पुढं!" तरी अडली की मला उठवायचे... बहिणीचं नाक धर आणि थोबाडीत मार. मी मारलं नाही, म्हणून दोघींना व्हरांड्यात उभं केलं. त्याच साली अप्पांनी दोघींचीही शाळा सोडवली. ते गुरुजी सुखानं म्हातारे होऊन गेले, ते मला अजून सोसत नाही.

पुढं अक्काची नात गौरीही पहिलीपासून तशीच अडखळायची. कविता सगळ्या तोंडपाठ, पुस्तक उघडलं की घाम. नववीत हेडमास्तर म्हणाले, "आजी, आळसाला औषध नसतं. दाखला काढून न्या."

"ह्याला कायतरी नाव असंल की," म्हणत अक्कानं सरकारी दवाखान्याच्या खेपा सुरू केल्या. मी सोबत, गप्प. एकदा परत पाठवलं. म्हणे घरी कन्नड बोलता, म्हणून पोरीचं मराठी कच्चं. अक्का म्हणाली, "मग कन्नडमदी तपासा की!" शेवटी एका डॉक्टरबाईंनी नीट तपासून लिहून दिलं : अध्ययन अक्षमता. बुद्धीत काही कमी नाही. डोकं चांगलं असतं, पण अक्षरं जुळवताना जन्मतःच अडतं, असा अर्थ बाईंनी सांगितला. अक्का म्हणाली, "म्हंजे मी बी ढ न्हवते की गं..."

तो कागद तिनं सगळ्या शिक्षकांसमोर हेडमास्तरांच्या हातात दिला. "मला वाचता येत न्हाय, सर. तुमीच वाचा, सगळ्यास्नी ऐकू जाऊ द्या." त्यांना वाचावं लागलं. गौरीला परीक्षेत जादा वेळ मिळाला, ती दहावी पास झाली. आणि याच सरांनी शाळेच्या फाटकावर तिचा फोटो लावला.

परवा ते आले. अक्काच्या खोलीत तिच्या फोटोशेजारी तो कागद आहे, काच लावलेला. "फार जिद्दी होत्या हो आजी," सर म्हणाले.

मी चहाचा कप हातातच ठेवला. "आदी ते वाचा. मोट्यानं."

"चष्मा..."

"खिशात हाय की तुमच्या."

ते वाचू लागले. बुद्धीच्या ओळीशी येऊन थांबले, माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणाले, "पुढं."